भाकरीच्या कडा

आम्ही दोघं गाव सोडून निघालो त्या सकाळी धुळे गाडी वेळेआधीच आली, आणि निरोप घ्यायचा राहून गेला. गोकुळची ट्रंक टपावर चढते न चढते तोच कंडक्टरने बेल मारली. खिडकीखाली गोकुळची आई उभी होती. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. ती पोराशी काही बोलली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, गोकुळवर ध्यान ठेवजो. तो सोता काही सांगाव नही."

माझे वडील, आबा, जरा मागे उभे होते. त्यांचं सांगणं आदल्या दिवशीच झालं होतं: "आपलं रडगाणं कोणाले सांगत फिरू नको." ते मी इतकं मनावर घेतलं की दुसऱ्याचंही कुणाला सांगितलं नाही. त्याबद्दलच आज लिहितो आहे. गावात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे पुण्याला, सुरतेला, त्याहून लांब गेले त्यांच्यासाठीही. तुमच्यापैकी बरेच जण गोकुळला ओळखतात. तो असा का झाला याच्या तुम्ही ऐकलेल्या गोष्टींत मी कुठेच नाही.

आमचं गाव भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठाला. बारावी सायन्स करून धुळ्याच्या कॉलेजात गेलेले त्या वर्षी आम्ही दोघंच. एक खोली, दोन खाटा, एक स्टोव्ह. मी आठवीत असताना माझी आई गेली, तेव्हापासून घरी आबाच भाकरी थापायचे, जाड आणि मधे कच्ची. मला घरून डबा येण्याचा प्रश्न नव्हता. मी मेस लावली. गोकुळचा डबा मात्र रोज यायचा.

एसटीने डबा पाठवायची रीत आमच्याकडच्यांना सांगायला नको. सकाळच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागे कापडी पिशव्यांची रांग लागायची. ज्यांच्या घरी लिहिता येई त्यांच्या पिशवीवर नाव, अक्काच्या पिशवीवर लाल दोऱ्याची फुली. पारोळ्यावरून गाडी साडेनऊला धुळ्यात पोचायची. आमच्यापैकी कोणीतरी जाऊन पिशवी आणायचा आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत रिकामा डबा ठेवून यायचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कधी वांग्याची भाजी, शनिवारी शेवभाजी. गोकुळ भाकरीच्या कडा खायचा नाही. लहानपणापासूनची खोड. त्या कडा डब्यात तशाच परत जायच्या आणि अक्का त्या शेळीला घालायची.

पहिला महिना बरा गेला. मग वर्गातलं इंग्रजी त्याच्या अंगावर यायला लागलं. ते माझ्याही अंगावर येत होतं, पण मी न समजताच उतरवून घ्यायचो. गोकुळला ते जमत नव्हतं. समजलं नाही की त्याचा हात थांबायचा. एकदा प्रॅक्टिकलला सरांनी त्याला उभं करून काहीतरी विचारलं, हा अहिराणीत उत्तर द्यायला लागला आणि सगळी बॅच हसली. मीही हसलो. त्यानंतर तो आधी प्रॅक्टिकलला जाईनासा झाला, मग कॉलेजलाच. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. ताप नव्हता, खोकला नव्हता. आजारी म्हणावं असं दाखवायला काहीच नव्हतं.

जेवण हळूहळू सुटलं. आधी दोन भाकरींची एक झाली, मग अर्धी. एक दिवस त्याने डबा माझ्याकडे सरकवला. "तू खाय. तसाच परत गया तर अक्का पहिली गाडी पकडीसन येई." मी म्हणालो, "मग येऊ दे ना." तो म्हणाला, "घरी सांगू नको."

मी खाल्लं. आता खरं सांगतो. मला दया आली म्हणून नाही, मित्राचा शब्द राखायचा म्हणूनही नाही. आईच्या हातची भाकरी मी पाच वर्षं खाल्ली नव्हती. पहिल्या दिवशी खाताना माझे डोळे भरून आले होते, आणि ते गोकुळसाठी नव्हते. मी कडासुद्धा ठेवल्या नाहीत. पंधरा दिवसांत मेस बंद केली.

संध्याकाळी कंडक्टर पिशवी हातात तोलून हसायचा. "काय रे, डबा खाता का चाटता?" गावात अक्का सांगत फिरायची की पोराला धुळ्याचं पाणी मानवलं. पुढे डब्यात दोन भाकरी जास्तीच्या यायला लागल्या. मला वाटलं, पोराची भूक वाढली म्हणून आई खूश आहे. त्या दोन्हीही मीच संपवायचो. गोकुळ चहात बुडवून बिस्किटं खायचा, तेवढंच. त्याचे गाल बसत गेले आणि माझे वर आले. आरसा एकच होता, दाढी करताना आम्ही दोघं त्यात दिसायचो.

दिवाळीला तो घरी आला नाही. जादा तासिका आहेत असं सांग म्हणाला. मी अक्काच्या ओट्यावर बसलो, तिच्या हातची शेव खाल्ली आणि म्हणालो, "मस्त शे गोकुळ. अभ्यास चालू शे." तिने माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. मग आत जाऊन त्याच्यासाठी लाडू बांधून आणले. तेही पुढे मीच खाल्ले.

संक्रांतीच्या आधी, सकाळी, तो खोलीच्या जिन्यात पडला. घरमालकाने आणि मी उचलून त्याला दवाखान्यात नेलं. उचलताना कळलं, त्याचं वजन एखाद्या पोरीएवढंही राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी मला विचारलं, "किती दिवसांपासून जेवत नाही हा?" मी म्हणालो, "माहीत नाही, सर."

घरमालकाने गावात फोन केला. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने डबा आला तो अक्काच्या मांडीवर. तिने पलंगाशेजारी बसून डबा उघडला, घास केला, त्याच्या तोंडाशी धरला. त्याने तोंड उघडलं नाही. मी खिडकीपाशी उभा होतो. तिने मला काही विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, पण खरा आजार मनाचा आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवा. मनाचा म्हटल्यावर गावात जे होतं ते झालं. बाहेरचं आहे म्हणाले, दोरे बांधले, इकडच्या तिकडच्या देवाला नेलं. गोकुळ धुळ्याला परत आला नाही. पुढे कुठेच गेला नाही. शेळ्या राखतो, दोर वळतो, विचारलं तर दोन शब्द बोलतो.

मी बी. एस्सी. झालो, पुण्याला आलो, शिकवायला लागलो. आता एका विद्यापीठाच्या हॉस्टेलचा रेक्टर आहे आणि विद्यार्थी कल्याणाचं काम बघतो. दर वर्षी ओरिएंटेशनला आईवडिलांसमोर उभा राहतो. त्यांना सांगतो, पोराला फोनवर 'जेवलास का' एवढंच विचारू नका, त्याला 'हो' म्हणून मोकळं होता येतं. काय जेवलास, कोणाबरोबर जेवलास, ते विचारा. लोक वहीत लिहून घेतात. आमच्याकडे काउन्सेलर आहेत, हेल्पलाइन आहे, पहिल्या वर्षाच्या प्रत्येक पोरामागे एक सीनियर आहे. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं असं मी भाषणात म्हणतो, आणि आमच्या वेळी मी होतो हे म्हणत नाही.

यंदा ऑगस्टमध्ये मेसमध्ये एक मुलगी दिसली. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली, पहिल्या वर्षाची. व्हिडिओ कॉलवर आईला ताट दाखवत होती. "हे बघ ना, भात, भाजी, सगळं घेतलंय." कॉल बंद झाला आणि तिने ताट शेजारच्या रूममेटकडे सरकवलं. रूममेटने मुकाट्याने जेवायला सुरुवात केली. माझ्या हातातला चहा तिथेच राहिला.

मी त्या मुलीला नाही, आधी रूममेटला बोलावलं. किती दिवस झाले, विचारलं. ती म्हणाली, "सर, वाया जाऊ नये म्हणून खाते." मग म्हणाली, "मी सांगितलं तर ती माझ्याशी बोलणार नाही."

"नाही बोलणार," मी म्हणालो. "तरी सांग."

तिने सांगितलं. मुलीला काउन्सेलरकडे नेलं, डॉक्टरला दाखवलं, आई रात्रीच्या गाडीने निघून आली. मुलगी दोन महिने घरी राहिली, आता परत आली आहे, थोडं थोडं खाते. दोघी मैत्रिणी अजून बोलत नाहीत. स्टाफरूममध्ये एकाने विचारलं, "सर, तुमच्या लक्षात कसं आलं?" मी म्हणालो, "अनुभव." तो शब्द मला पुढे कित्येक दिवस गिळता आला नाही. डिसेंबरात रजा टाकून गावी गेलो.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमच्या घराला कुलूप असतं. सरळ अक्काच्या ओट्यावर गेलो. तिला आता नीट दिसत नाही, आवाजावरून ओळखते. गोकुळ खांबाला टेकून दोर वळत होता. "उना का?" एवढंच म्हणाला. मी बसलो आणि सगळं सांगितलं. जिना, दिवाळी, लाडू, डॉक्टरांना दिलेलं उत्तर. गोकुळचे हात थांबले नाहीत.

अक्का म्हणाली, "माले माहीत व्हतं. मना पोऱ्या कडा खात नही. डबा कडासुद्धा रिकामा येवाले लागना, तवयच समजनं, तू बी खाई राहिना. दोन्हीजण मिळीसन खाई राहिनात असं वाटनं. म्हणीसन तर त्या जास्तीन्या भाकरी."

म्हणजे त्या दोन भाकरी माझ्या होत्या. तिने माझ्यासाठी धाडलेल्या. मी माझ्याही खाल्ल्या आणि त्याच्याही.

मला वाटलं होतं ती शिव्या देईल, किंवा जाऊ दे म्हणेल. ती दोन्हींतलं काही म्हणाली नाही. "भूक तुले बी व्हती. खादं त्यानं काही नही. पन तू बोलना का नही, भाऊ?"

गोकुळच्या धाकट्या भावाच्या बायकोने ताटं आणली. गोकुळ जेवायला बसला आणि खाली बघतच म्हणाला, "अक्का, ह्याले जास्ती वाढ. ह्याले सवय शे." तो हसला की नाही, मला कळलं नाही. त्याच्या ताटाच्या काठाला भाकरीच्या कडा एकेक करून जमत होत्या.

निघताना अक्काने डबा दिला. कधी परत आणू, विचारलं. "आनशी तवय आन," ती म्हणाली. "पन खोटा रिकामा आनू नको. उरनं तर उरू दे. माले समजू दे."

पुण्याची गाडी धुळ्याहून धरायची होती; पारोळा सोडल्यावर गाडीत डबा उघडला. दोन भाकरी, ठेचा. एक खाल्ली. दुसरी जाईना. झाकण लावून मांडीवर धरून बसलो, तीस वर्षांपूर्वी अक्का याच रस्त्याने बसली होती तशी. पुण्यातलं घर हे माझं घर आहे असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि गावातल्या घराला तर कुलूपच. तेवढ्यात बायकोचा फोन आला. ती नेहमी जे विचारते तेच तिने विचारलं, "जेवलात का?" आमच्या संसारात मी याला रोज 'हो' म्हणत आलो आहे.

"अर्धंच जेवलो," मी म्हणालो.

ती म्हणाली, "का?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं, कारण मी तिला विचारायला जागाच ठेवली नव्हती. गाडी धुळ्याच्या दिशेने चालली होती. मी डबा घट्ट धरला आणि गोकुळच्या ट्रंकेपासून सांगायला लागलो.