पायाखालचं नाव

बायाइबे बंदराच्या धक्क्यावर होडीच्या डेकवर पाय घसरू नये म्हणून फोम चिकटवावा तर तो नुरिसनेच, हे तिच्या वाइटावर असलेलेही कबूल करतात. आई शिवणकाम करायची. तिच्याकडून ही बेतायला शिकली आणि झगे सोडून होड्या बेतू लागली. कागद अंथरून माप घ्यायचं, जुना रंग घासून काढायचा, असिटोनने पुसायचं, मग फोमच्या पाठीवरचा कागद वीत वीत सोलत मधून कडेकडे दाबत जायचं. गोंदाने एकदा धरलं की धरलं. तिच्या कामात बुडबुडा शोधण्याच्या पैजा लोक हरले होते.

अशा बाईच्या नवऱ्याची, फेर्मिनची, होडी मात्र अकरा वर्षं जुन्या रंगावरच चालली होती. होडीचं नाव ‘ओतिलिया’. ओतिलिया म्हणजे त्याची पहिली बायको, लग्नाच्या चौथ्या वर्षी तापाने गेलेली. नुरिस तिच्यावर जळायची. जिवंत सवतीशी निदान कडाकडा भांडता येतं. ही ना म्हातारी होत होती, ना कुणाला वाकडं बोलत होती. बरं, होडीचं नाव बदललं की समुद्र रुसतो असं सगळा धक्का मानतो. त्यामुळे त्या होडीला हात लावायचा नाही, एवढंच नुरिसच्या हातात होतं.

यंदा एक प्रवासी बाई ओल्या डेकवर घसरली आणि फेर्मिन स्वतःच म्हणाला, “आता टाकच फोम. फक्त तिचं नाव पुढच्या टोकाला येऊ दे, होतं तिथेच.”

“टोकाला नाही बसत. वळण आहे, अक्षरं महिनाभरात उचकटतील.”

“मग कुठे?”

“मागे, पायरीपाशी. सपाट जागा आहे.”

“अगं, तिथून तर सगळे आत येतात!”

“मग तूच चिकटव.”

“बरं बाई. तुझ्या कामात मी कधी बोललोय?”

टोकाला अक्षरं झकास बसली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फोमचा वरचा राखाडी थर कोरून खालच्या काळ्यातून तिने हातभर लांब नाव काढलं आणि धक्क्यावरून उतरणाऱ्याचं पहिलं पाऊल पडतं, नेमकं तिथे चिकटवलं. रोलर फिरवताना मनात म्हणाली, बस आता लोकांचे पाय मोजत.

दुसऱ्या दिवशी फेर्मिन पायरी उतरला, नाव पाहून थबकला. मग चर्चच्या फरशीतलं थडगं ओलांडतात तसा पाय उंच उचलून त्याने पलीकडे टाकला.

“अरे, ठेव की पाय. निघत नाही ते.”

“तिच्यावर? छे!”

मग तो प्रवाशांनाही सांगू लागला, नावावर पाय नको. ते विचारायचे, का? अकरा वर्षांत घरात जिच्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, तिची गोष्ट तो दिवसातून दोनदा सांगू लागला. शेजारच्या होडीवरचा म्हातारा तातिको तर टपूनच बसलेला. “नुरिस, तुझी सवत हसायची म्हणे फार गोड! काल दोन बायका रडल्या गं ऐकून.”

नुरिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुरी घेऊन ती होडीत उतरली आणि अक्षरांच्या कडा चाचपू लागली. नखसुद्धा शिरेना. ओरबाडलं असतं तर तुकडे निघाले असते आणि अर्धंमुर्धं नाव तसंच राहिलं असतं. ‘मी चिकटवलेलं होडी मोडली तरी सुटत नाही,’ असं तीच गिऱ्हाइकांना सांगायची. आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय! सुरी मिटून ती घरी आली.

रविवारी ती फेर्मिनचं जेवण घेऊन गेली. दोन्ही हातांत मासळीभाताचं गरम पातेलं, पायाखालचं काही दिसत नव्हतं. पायरी उतरताना तिचा पाय आपोआप उंच उचलला गेला आणि नावाच्या पलीकडे पडला.

फेर्मिनने ते पाहिलं. तिच्या हातातलं पातेलं घेत तो म्हणाला, “किती बरं वाटलं असेल गं तिला.”

नुरिसला कसं वाटलं, ते त्याने विचारलं नाही.