पोत्यातलं गरम गवत

आमच्या घरात तांदूळ एकदा निवडले जायचे आणि गवत तीनदा. त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. गवत खराब निघालं की जनावराचं पोट बिघडायचं, आणि जनावराचं पोट बिघडलं की माझी माय मार खायची. वयाच्या बाराव्या वर्षी मला एवढं पक्कं कळलेलं होतं.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही सुरतेत भेस्तानला, रेल्वेच्या भरावापासून हाकेच्या अंतरावर एका खोलीत राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, खानदेशातून येऊन इथे कापडाच्या कारखान्यात लूम चालवायचे. त्यांच्या शेठच्या मुलानं हौसेनं गिनीपिगची जोडी आणली. थोड्याच दिवसांत त्याची हौस फिटली आणि शेठ आबांना म्हणाला, घेऊन जा, नाहीतर मांजराला घालतो. बॉबिनच्या लाकडी पेटीत घालून आबा दोघांना घरी घेऊन आले आणि पेटीला पुढून जाळी ठोकली. चाळीतले लोक त्यांना विलायती उंदीर म्हणायचे. आबा त्यांना ‘बाळं’ म्हणायचे. मला त्यांनी कधी बाळ म्हटल्याचं आठवत नाही.

लूमवर धाग्याचा धोटा इकडून तिकडे फेकायला चामड्याचा एक जाड पट्टा असतो. झिजला की तो बदलतात. झिजलेला पट्टा आबा घरी आणायचे आणि तो दारामागच्या खिळ्याला लटकलेला असायचा. भाजीत मीठ जास्त पडलं, पट्टा. पाणी भरायला उशीर झाला, पट्टा. शेजारणीशी हसून बोलली, पट्टा. माय ओरडायची नाही, कारण ओरडलं की जास्त बसायचे. मी कोपऱ्यात दात आवळून बसायचे आणि मनातल्या मनात आबांना रोज नव्या रीतीनं मारायचे. कधी लूममध्ये हात अडकवून, कधी रेल्वेखाली ढकलून. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

आणि हाच माणूस कामाची पाळी संपली की विळा घेऊन भरावावर जायचा. कुत्री मुततात तिथलं गवत नको, म्हशी बसतात तिथलं नको, खाडीकाठचं तर मुळीच नको, कारण वर रंगाचे कारखाने होते आणि खाडीचं पाणी कधी लाल, कधी निळं यायचं. कापलेली पेंढी झटकायची, बादलीत खळबळून धुवायची, बाजेवर सावलीत पातळ पसरायची. मग उकिडवं बसून काडी काडी निवडायची आणि ओळखीचं नसलेलं तण बाहेर फेकायचं. उन्हाळाभर सुकं खाल्लेल्या पोटाला पावसाळी कोवळं गवत झेपत नाही, म्हणून सुरुवातीला चिमूटभर द्यायचं, रोज थोडं वाढवायचं, आणि सुकं गवत पेटीत कायम ठेवायचं. “बैलनं पोट फुगनं तं सळई खुपसी हवा काढता येस,” ते मला शिकवायचे. “याले कोठे खुपसशी?” मायच्या पाठीवर वळ उठवणारी ती बोटं जनावराच्या कानामागे इतकी हळू फिरायची की मला बघवायचं नाही. मी उठून बाहेर जायचे.

शेजारच्या पोरानं एकदा खाडीकाठची मूठभर लव्हाळी जाळीतून आत सारली. मी त्याचा हात पिरगाळला आणि मनगटात दात रुतवले, रक्त येईपर्यंत. त्याची आई तणतणत आली. “तारी छोकरी गांडी छे, कूतरीनी जेम करडे छे.” पोरीला वेडी, चावरी कुत्री म्हटलेलं ऐकूनही माय तिच्यापुढे हात जोडून उभी राहिली. मी नाही जोडले. ती बाई गेल्यावर मायनं पेटीत हात घालून लव्हाळीची एकेक काडी वेचून काढली आणि आबा यायच्या आत चुलीत घातली. एका उंदरासाठी ही माणसाच्या पोराला चावते, म्हणून चाळ बरेच दिवस मला हसत होती. हसू देत. मी उंदरासाठी चावलेच नव्हते.

पुढच्या पावसाळ्यात शेठनं आबांना सगळ्या कारागिरांसमोर आईवरून शिवी दिली. आबांनी पाळी पुरी केली आणि संध्याकाळी पिऊन आले. मग रोजच पिऊ लागले. आमच्याकडे दारूबंदी होती, पण प्यायचं मनात आणलेल्याला ती कधी आडवी आली नाही. एके दिवशी ते पोतं भरून गवत घेऊन आले, भर पावसात कापलेलं, चिंब. झटकलं नाही, पसरलं नाही. दाबून भरलेलं पोतं तसंच कोपऱ्यात टाकून झोपले. सकाळी उठून त्याच पोत्यातून कवळभर गवत त्यांनी पेटीत कोंबलं. “ओलं शे, पसरी देऊ का?” माय म्हणाली. उत्तरादाखल तिच्या थोबाडात बसली, आणि आबा पाळीवर गेले.

दुपारी मादी कोपऱ्यात पाठ वर काढून बसली. दात करकरत होती. पोट टम्म फुगून टणक झालं होतं. मायनं तिला मांडीवर घेऊन पोट चोळायला सुरुवात केली आणि मी पेटीतलं सगळं हिरवं गवत उपसून काढलं. मग पोत्यात हात घातला आणि चटकन मागे घेतला. आतलं गवत तापलं होतं, ताप आलेल्या पोराच्या अंगासारखं, आणि त्याला आंबूस वास येत होता. मी मायलाही हात घालायला लावला. तिनं घातला, काढला आणि पुन्हा पोट चोळत बसली. पाळी सुटल्याचा भोंगा वाजायच्या आधी मादी तिच्या मांडीवर मेली.

“पुरून टाकू. मांजरानं नेली म्हणून सांगू,” मी म्हटलं.

“मांजरनी नेली तरी मार मालेच शे,” माय म्हणाली. तिनं मादीला पेटीत परत ठेवलं आणि भाकरीचं पीठ मळायला बसली. मला त्या मेलेल्या जनावराचाही राग आला, मायचाही आला.

आबा आले. पेटीत वाकून बघितलं. “काय दिधं तू इले?” एवढं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दारामागे गेले. पहिला पट्टा मायच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. तिचा पुढचा दात जमिनीवर पडला आणि तव्यापर्यंत घरंगळत गेला. मी उठून उभी राहिले.

“आबा, पोतामा हात घाला,” मी म्हटलं. “तुम्हीनच मारी तिले.”

तोवर त्यांनी माझ्यावर कधी हात टाकला नव्हता. ते सगळं मायच्या वाट्याचं होतं. पट्टा माझ्या मानेवर बसला आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. दुसरा बसला नाही. मायनं धुणं बडवायची थापी दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या मनगटावर हाणली होती. हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. पट्टा खाली पडला.

“पोरले हात लावू नको,” माय म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा ती त्यांच्याशी एकेरीत बोलली. थापी तिनं खाली ठेवली नाही.

आबांनी तिच्याकडे बघितलं, थापीकडे बघितलं. मग मोडलेला हात पोटाशी धरून ते पोत्याजवळ गेले आणि डावा हात आत घातला. बराच वेळ त्यांनी तो बाहेर काढला नाही. काढला तेव्हा ते पेटीसमोर बसले, मादीला बाहेर काढून मांडीवर घेतलं आणि हमसून हमसून रडायला लागले. मायच्या हनुवटीवरून रक्त गळून चोळी भिजली होती. तिकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. थापी माझ्या हातात असती तर मी त्यांच्या डोक्यात घातली असती.

पोत्याची खसखस ऐकून पेटीतला नर खायला मिळेल म्हणून शिट्ट्या मारायला लागला.

“त्याले सुकं टाक,” आबा मान वर न करता मायला म्हणाले.

“तूच टाक,” माय म्हणाली.

तिनं चूळ भरली. पाणी लाल झालं, दुसऱ्यांदा कमी लाल. तव्यावरची भाकरी करपली होती, ती बाजूला काढून तिनं नवी थापली. मग दोन ताटं मांडली. तिला चावता येत नव्हतं, म्हणून मी तिची भाकरी आमटीत कुस्करून दिली. आबा पलीकडे एका हातानं सुक्या गवताच्या पेंढीची गाठ सोडत होते. ती सुटत नव्हती, आणि जनावर ओरडत होतं. आम्ही दोघींनी पोटभर जेवून घेतलं.