एमिलने विकत आणलेला फटकेबाज

एमिल हुडाचेकला पोटदुखीचा आजार होता, आणि त्याचं औषध कुठल्याच डॉक्टरकडे नव्हतं, कारण दुखणं नदीपलीकडे होतं. रात्रीच्या जेवणाची भांडी घासायला तो खिडकीशी उभा राहिला, की समोर ईस्टलॉकच्या मैदानावरचे दिवे लागायचे. उंच खांबांवरचे, पांढरेशुभ्र. आमच्या टिपल हिलच्या मैदानाला दिवे नाहीत. चेंडू दिसेनासा झाला की पंच घरी जातात. एमिल एकच बशी घासत राहायचा. शेवटी लॉरेटा म्हणायची, "नक्षी निघाली तिची. ठेव आता खाली."

ते दिवे लॉरेटाच्या सख्ख्या भावाचे होते. गस बारान, टायरच्या तीन दुकानांचा आणि ईस्टलॉकच्या बेसबॉल संघाचा मालक आणि कोचही. एमिल हिवाळाभर शाळेची बस चालवायचा आणि उन्हाळाभर आमचा संघ. आमची पोरं दिवसा छपरं ठोकायची, संध्याकाळी खेळायची, आणि त्यांना मिळायचं ते पेट्रोलपुरतं. गस मात्र लांबलांबच्या कॉलेजांतून पोरं उचलून आणायचा, दर सामन्याला रोख द्यायचा आणि वर नवे टायर.

"पैसा खेळतो तिकडे, माणसं नाही," हे एमिलचं ठरलेलं वाक्य. आमच्या पोराने सोपा झेल सोडला तरी दोष गसच्या पाकिटाचा.

"पैशाने जिंकता आलं असतं," लॉरेटा म्हणायची, "तर माझ्या भावाची एक तरी बायको टिकली असती."

पण एमिलला खरं टोचायचं ते ॲप्रन. दोन्ही गावांचा जुना रिवाज असा, की उन्हाळ्याच्या शेवटी अंतिम सामना व्हायचा आणि पुढच्या रविवारी जिंकलेल्या गावाच्या चर्चच्या हॉलमध्ये जेवण. हरलेल्या संघाच्या कोचने जिंकलेल्यांचा ॲप्रन बांधून स्वयंपाकघरात राबायचं. चार वर्षं एमिलच राबत होता. ॲप्रन भगभगीत नारिंगी, आणि छातीवर लिहिलेलं, 'गसचे टायर, कधी फसत नाहीत'. त्या वेषात त्याने मेव्हण्याच्या ताटात बटाट्याचं सारण भरलेले, करंजीसारखे पिरोगी वाढले होते, आणि मेव्हणा म्हणाला होता, "कांदा जरा जास्त घाल रे, एमिल."

त्या कांद्याने एमिलचा घात केला. त्याने मासेमारीची होडी विकली. गावातल्या अंत्यविधीवाल्या स्लोबोडाला गाठून देणगी काढली, त्याबदल्यात सगळ्या संघाच्या पाठीवर 'स्लोबोडा आणि मुलगे, शेवटपर्यंत सोबत' असं छापून घेतलं. त्याच अक्षरांचा एक काळा ॲप्रनही शिवून घेतला, गसच्या मापाचा. आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून एक फटकेबाज विकत आणला, रेने आर्मिहो. आमच्या नऊ जणांना मिळून जेवढं पेट्रोल मिळायचं, त्याच्या चौपट या एकट्याला.

"होडी विकलीस?" लॉरेटाने विचारलं.

"गुंतवली."

"बरं झालं. बुडायला आता पाणीही लागणार नाही."

पण आर्मिहो तरला! पहिल्याच सामन्यात त्याने चेंडू कुंपणापलीकडे, रुळांपलीकडे, कोळशाच्या जुन्या वखारीच्या छपरावर घातला. एमिल दुसऱ्या दिवशी विनाकारण गसच्या दुकानासमोरून फिरला. एकदा जाताना, एकदा येताना, आणि मग काही विसरल्यासारखं करून पुन्हा जाताना. महिनाभर टिपल हिल हरलंच नाही. गसच्या संघाखालोखाल आमचं नाव लागलं. एमिल बशा आता एका हाताने घासू लागला, दुसरा कमरेवर.

मग दुधात मिठाचा खडा पडला.

आमच्याकडे कोणी चेंडू कुंपणापार घालून होमरन मारला, की लोक तारेच्या कुंपणातून डॉलरच्या नोटा खुपसतात. फटका मारणारा कुंपणाच्या कडेने जातो, नोटा हेल्मेटमध्ये गोळा करतो. टिपल हिलमध्ये ते हेल्मेट बाकाखालच्या लोणच्याच्या बरणीत रिकामं होतं, आणि सामना संपल्यावर बरणी स्लोव्हाक क्लबात जाते. तिच्यावर सगळा संघ पितो, खातो, एकमेकांची उणीदुणी काढतो. आर्मिहोने नोटा गोळा केल्या, नीट सरळ केल्या, घडी घातली आणि खिशात ठेवल्या. दर वेळी. आणि सामना संपला की पिशवी उचलून एकटाच चालू पडायचा.

कोणी त्याला काही बोललं नाही. आमच्या खोऱ्याची ही खोड आहे. तुमच्याबद्दलची तक्रार आम्ही न्हाव्याला सांगू, पाद्र्याला सांगू, तुमच्या मेव्हण्याला सांगू, फक्त तुम्हाला नाही.

डेनी कोवाचने ती सगळ्यांना सांगितली. डेनी दिवसभर छपरावर भाजून निघायचा आणि मैदानात धुळीत लोळून चेंडू अडवायचा. बारा वर्षं. "त्याला चौपट मिळतंय ना कोच, मग चौपट चेंडू त्यालाच अडवू दे." चेंडू दोघांच्या मधे पडायचा आणि दोघेही त्याच्याकडे सापडलेल्या पाकिटासारखं बघत उभे राहायचे, तुझं की माझं? आर्मिहो होमरन मारायचा आणि आम्ही हरायचो. तळाच्या संघांनीही आम्हाला धुतलं. अंतिम सामन्यात आम्ही पोचलो, पण ढकलगाडीसारखे.

आणि एमिल? ज्याने स्वतः त्याला आणलं, तोच आता त्याच्यावर जळू लागला. गावात लोक 'कोच' म्हणून हाक मारायचे, आता विचारायचे, "रेने कसा आहे?" लॉरेटा आर्मिहोच्या खोलीवर कोबी-नूडल्सचा डबा पाठवायची.

"खरपूस भाग त्याला का दिलास?"

"कारण तो खरपूस आहे म्हणून सोडून देत नाही."

"मी कधी सोडला?"

"एकोणतीस वर्षं माझ्या ताटात सरकवतोयस!"

अंतिम सामन्याच्या आठवड्यात एमिलच्या गाडीचा टायर बसला, तोही गसच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. एमिलने जादाचा टायर काढला, तर तो त्याहून बसलेला. मान खाली घालून तो आत गेला. गस स्वतःच बाहेर आला, आणि टोमणा न मारता टायर काढू लागला, तेव्हाच एमिल घाबरला.

"बरा आहेस ना?"

"तुझी ती बरणी कसली असते रे?" गसने विचारलं. "लोणच्याची?"

"का?"

"मीही ठेवून बघितली आमच्या बाकाखाली. नवी आणली, काचेची. कोणी काही टाकेना. मग मीच शंभरची नोट टाकली, म्हटलं, सुरुवात करून द्यावी."

"मग?"

"बरणीसकट गेली."

एमिलने हसू दाबायला खोकला काढला. गस पाना फिरवत राहिला. "शेवटचा चेंडू पडला की माझी पोरं गाड्या सुरू करतात. मी दिव्यांखाली एकटा. पलीकडून तुमच्या क्लबातला आवाज येतो, रात्रभर. त्या भसाड्या डेनीचं गाणंसुद्धा ऐकू येतं. झोप लागत नाही मला."

एमिलच्या पोटात चार वर्षांत पहिल्यांदा थंडावा पडला. मेव्हणा आपल्यावर जळतोय! त्याने घरी जाऊन ही गोष्ट लॉरेटाला तीनदा सांगितली, प्रत्येक वेळी बरणी मोठी करत.

लॉरेटाने वेगळाच धागा पकडला. "मग आपला पोरगा तरी क्लबात का येत नाही?"

"माज. दुसरं काय."

"तू विचारलंस?"

एमिलने बायकोकडे असं बघितलं, जणू तिने त्याला चर्चमध्ये शिट्टी वाजवायला सांगितलं. तेव्हा लॉरेटानेच आर्मिहोला जेवायला बोलावलं आणि ताट वाढता वाढता सरळ विचारलं, "काय रे, ते कुंपणाचे पैसे बरणीत का टाकत नाहीस?"

आर्मिहोचा घास हातातच राहिला. "ती बरणी आपली आहे? मला वाटलं, पंचांची! मी म्हटलं, यांच्याकडे उघडउघड लाच देतात, आपण यात पडायला नको."

"आणि क्लबात का येत नाहीस?" एमिलने ओरडून विचारलं.

"आलो होतो, पहिल्याच दिवशी. दारावर लिहिलंय, 'फक्त सभासद'. थोडा वेळ थांबलो. आत सगळे हसत होते. कोणी बाहेर आलं नाही. मग मी गेलो." त्याने नूडल्स गोल गोल फिरवल्या. "आमच्याकडे कुंपणाचे पैसे मारणाऱ्याचेच असतात, कोच. त्यावर आम्ही भाडं भरतो."

ती पाटी एमिलच्या आजोबांच्या वेळची. तिच्याखालून रोज अर्धं गाव जातं आणि सभासद मोजके. पाटी आहे, हेच आम्ही विसरलो होतो. वाचायला परका माणूस लागतो.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सरावानंतर डेनीने आर्मिहोच्या गळ्यात हात टाकून त्याला क्लबात ओढत नेलं. पाटीची आणि बरणीची गोष्ट डेनीला एमिलने सांगितली नव्हती. लॉरेटाने न्हाव्याला सांगितली होती.

सामना आमच्या मैदानावर. चेंडू फेकणाऱ्या गसच्या पिचरचा वेग असा, की आमची पोरं चेंडू गेल्यावर बॅट फिरवायची. खोटं कशाला बोला, त्याला दिलेले पैसे सत्कारणी लागले होते. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे, दोन गडी बाद, तिसरा गेला की सामना संपला, आणि आमचा एक माणूस दुसऱ्या बेसवर. ऊन नदीत उतरत होतं. खेळायला आला आर्मिहो.

गसने चार बोटं वर केली. म्हणजे, याला खेळूच देऊ नका, फुकट पहिल्या बेसवर पाठवा.

सगळं मैदान चुकचुकलं. जिंकणारी धाव आपल्या हाताने बेसवर नेऊन बसवायची? शहाणा माणूस असं करत नाही. पण गसने आयुष्यभर किंमत बघून माल ओळखला होता, आणि पुढे खेळायला येत होता डेनी, पेट्रोलवाला.

"अरे गस," डेनी ओरडला, "माझा भाव तरी विचारायचास!"

दुसराच चेंडू त्याने उजवीकडच्या मोकळ्या जागेत हाणला. दुसऱ्या बेसवरचा माणूस घरी, म्हणजे जिथून खेळ सुरू होतो त्या बेसवर, आला, बरोबरी झाली. मागून आर्मिहो धावत होता, तिसऱ्या बेसशी एमिल दोन्ही हात गरागरा फिरवत होता, आणि चौपट पगाराचा तो माणूस फुकटात मिळालेल्या बेसवरून येऊन घरच्या बेसवर धुळीत पोटावर घसरला. पंचांनी हात पसरले. सुखरूप!

होमरन नसूनही कुंपणातून नोटा आल्या. डेनीने गोळा केल्या, हेल्मेट आर्मिहोच्या हातात दिलं, आणि आर्मिहोने ते बरणीत उपडं केलं. वर खिशातली एक घडी टाकली. पंचांनी बरणीकडे बघितलं, तर त्यांना म्हणाला, "तुमचं नाही हं यात काही!"

पगाराने जिंकलो की बरणीने, यावर क्लबात अजून दोन तट आहेत. डेनीचा फटका, पण तो मारायची पाळी आली ती गस घाबरला म्हणून, आणि गस घाबरला ती किंमत एमिलच्या होडीची.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये एमिल पहिल्यांदाच मुख्य टेबलाशी बसला. समोर चषक, डाव्या हाताला पाद्री, उजव्या हाताला स्लोबोडा, जो जेवताना धंद्याबद्दलच बोलतो. स्वयंपाकघराच्या खिडकीत काळा ॲप्रन दिसत होता, 'शेवटपर्यंत सोबत'. गसने बाह्या दुमडल्या होत्या. लॉरेटा त्याला पिरोगीच्या कडा दाबायला शिकवत होती, डेनी गात होता, आर्मिहो कढईशी होता, आणि चर्चच्या म्हाताऱ्या गसला त्याच्या तिन्ही बायकांची नावं क्रमाने म्हणायला लावत होत्या. गस इतका हसत होता, की डोळे पुसायला त्याला अंत्यविधीवाल्याचा ॲप्रन लागला.

एमिलच्या पोटात कळ आली. ओळखीची. चार वर्षं आपण त्या नारिंगी ॲप्रनला रडलो, आणि चार वर्षं जेवणाची सगळी मजा स्वयंपाकघराच्या खिडकीआत, आपल्याच बाजूला चालली होती की काय?

तो ताट घेऊन उठला आणि दाराशी गेला. लॉरेटाने झारा आडवा धरला.

"कुठे?"

"मदतीला."

"जिंकलेल्यांनी बाहेर बसायचं. रिवाज आहे."

"एमिल," आतून गस ओरडला, "ताट दे इकडे. कांदा हवा का जास्त?"

एमिलने ताट पुढे केलं. मग झाऱ्यावरून आत डोकावत, बायकोला हळूच विचारलं, "लॉरेटा, पुढच्या वर्षी हरायला साधारण किती खर्च येईल?"