ठोक्याचा हात

ठोक्यानं माझं नाक फोडलं ते आमच्या दुसऱ्या अल्बमच्या रेकॉर्डिंगच्या नवव्या दिवशी, स्टुडिओत, भर दुपारी. ठोक्या म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ आणि आमच्या बँडचा ड्रमर. मी गिटार वाजवतो.

त्याचा जन्मच आदळआपटीत गेलेला. शाळेत बाकावर बुक्क्यांनी ताल धरायचा, मास्तर तोच ताल त्याच्या पाठीवर धरायचे. बाप पट्ट्यानं फोडून काढायचा. सोळाव्या वर्षी यानं पट्टा हिसकावून बापाचा हात मोडला आणि मग स्वतःच त्याला पाठुंगळीला घेऊन दवाखान्यात नेलं. पुढं गॅरेजात लागला. दिवसभर गाड्यांचे चेपलेले दरवाजे ठोकून सरळ करायचे आणि सुटला की त्याच हातांनी ड्रम बडवायचे. तळव्याची कातडी कधी धड नसायचीच.

पहिला अल्बम आम्ही चौघांनी एका खोलीत, एकदम वाजवून उरकला होता. अंगात आलं की ठोक्या ताल वाढवत पळत सुटायचा आणि आम्ही तिघं सुटलेली बस पकडावी तसे त्याच्या मागं. लोकांना तेच आवडलं. पण या खेपेला गायकानं हट्ट धरला, की ज्यानं त्यानं एकट्यानं वाजवायचं, ताल ढळू नये म्हणून कानात यंत्राची टिकटिक लावून.

आठ दिवस ठोक्या त्या टिकटिकीशी मारामारी करत होता. काठ्या मोडल्या, एक हेडफोन भिंतीवर फुटला. नवव्या दिवशी गायक म्हणाला, "आज शेवटचं. नाही जमलं तर ड्रम यंत्रावर वाजवू. तू बस घरी."

ठोक्यानं वाजवलं. पुन्हा टिकटिकीच्या पुढं पळाला. हात फुटला होता, पट्टी बांधायला तो बाहेर गेला.

मला त्याची दया आली. मी रेकॉर्डिस्टला म्हणालो, "जरा सरळ कर की."

त्यानं कॉम्प्युटरवर एकेक ठोका कापला आणि ओढून टिकटिकीवर बसवला. ठोक्या आल्यावर मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "जमलं रे, गड्या!"

तो ऐकायला बसला. अर्धं मिनिट झालं नसेल.

"दाजी, हे कुणी वाजवलंय?"

"तूच की."

"मी ठोकलेला पत्रा मी डोळे झाकून ओळखतो. कुणी हात लावला याला?"

गायक खिदळला. "कुणी का लावेना! आत्ता कुठं माणसासारखा वाजतोयस."

ठोक्यानं फिरवलेला सिंबलचा लोखंडी स्टँड गायकाच्या तोंडावर बसला. पुढचा दात गालिच्यावर पडला. ठोक्यानं स्टँड पुन्हा उचलला, तसा मी मधे पडलो.

"त्यानं नाही. मी सांगितलं होतं."

त्यानं स्टँड टाकला आणि मूठ मारली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला डोक्याच्या आत ऐकू आला. मी आडवा, त्याचा गुडघा माझ्या छातीवर.

"वाजत नव्हतं तर तोंडावर सांगायचं होतंस!" माझ्या लग्नानंतरच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला अरेतुरे केलं.

मग उठला. टेबलामागं दडलेल्या रेकॉर्डिस्टला म्हणाला, "माझं लाव."

मूळचं लागलं. गाणं धावत होतं, शेवटी तर असं की शब्द बसवायला जागाच राहिली नाही. चार मिनिटं तो उभ्यानं ऐकत राहिला. पट्टीतून रक्त गळत होतं.

"हा मी," तो म्हणाला. गायकाकडं वळला. "यावर गाता येईल?"

गायकानं तोंडावरचा रुमाल न काढता मान हलवली. नाही.

ठोक्यानं ड्रम सुटे केले आणि सहा खेपांत खाली नेले. आम्ही कुणी हात लावला नाही, त्यानं लावू दिला नसता. जाताना म्हणाला, "यंत्रच लावा. ते निदान माझ्या नावावर तरी वाजणार नाही."

घरी बायको माझ्या नाकावर बर्फ धरून बसली.

"खरंच पळत होता तो?"

"हो."

"किती दिवस?"

"नऊ."

"आणि नऊ दिवसांत तुला एकदाही सांगता आलं नाही?" ती म्हणाली, आणि बर्फ असा दाबला की मी ओरडलोच.