परीक्षा खेळाची होती

माझी धाकटी जाऊ खेळायचा पगार घेते. असं म्हटलं की ती चिडत नाही, उलट खो खो हसते, आणि तिथेच माझं डोकं फिरतं. शाळांसाठी संगणकावरचे प्रश्नमंजुषेचे खेळ येतात. ते मुलांच्या हातात द्यायच्या लायकीचे आहेत का, हे तिच्या ऑफिसात ठरतं. मी घरी शिकवण्या घेते. गल्लीतली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेलीत. पण घरी पाहुणे आले की कौतुक कुणाच्या कामाचं? तिच्या.

तिची पद्धत तर ऐका. नवा खेळ आला की ही बया आधी सगळी उत्तरं मुद्दाम चुकवते. सगळ्यात मोठा ग्रह कोणता, तर हिचं बोट चंद्रावर.

"वहिनी, बरोबर आलं की टाळ्या सगळेच खेळ वाजवतात," ती मला समजावते. "चुकल्यावर तो पोराशी कसा वागतो, ते बघायचं असतं."

एका खेळात चुकलं की भोंगा वाजायचा, तो तिने बाद केला. दुसरा नुसतंच 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत राहायचा, कुठे चुकलं ते सांगायचाच नाही. त्यालाही घरचा रस्ता. मग मुलांना खेळायला बसवायचं आणि आपण पडद्याकडे न बघता मुलांकडे बघत राहायचं. झालं काम!

त्या मुलांमध्ये माझी बबडी असायची, दर शनिवारी. खरं दुखणं ते.

माझ्यासमोर वही उघडली की बबडीच्या तोंडाला कुलूप. काकूशेजारी बसली की मात्र 'हे असेल, नाही नाही, ते असेल' अशी अखंड टकळी, आणि चुकली की दोघी टेबलावर हात आपटून हसणार. एकदा तिला आणायला ऑफिसात गेले, तर काचेच्या दारातून दिसलं, बबडी काकूच्या अंगावर रेलून बसली होती. एवढी घोडी झालेली मुलगी! माझ्या अंगावर ती कधीपासून रेलेनाशी झाली, ते मला आठवेना. मी जळले. उगाच दुसरा शब्द कशाला शोधू?

मध्यंतरी धाकटीने नवा खेळ घरी आणला. जेवणाच्या टेबलावर बसून ती नेहमीसारखी चुकत चुकत खेळत होती आणि मी मागे उभी राहून ताटं पुसत होते. तिने चूक केली की खेळ बरोबर उत्तर दाखवायचा. प्रश्न डोक्यात ठेवणं हा तर माझा धंदाच. शनिवार यायच्या आत बबडीकडून सगळे घोकून घेतले. म्हटलं, कळू दे सगळ्यांना, मुलगी कुणाची आहे ते.

शनिवारी मी मुद्दाम आत जाऊन बसले. बबडी ताठ, हाताची घडी घालून. प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत तिचं बोट उत्तरावर. टाळ्या, पुन्हा टाळ्या. माझी छाती फुगली. धाकटी मात्र हसेना.

"बबडे, हे प्रश्न तू आधी पाहिले होतेस?"

बबडीने माझ्याकडे पाहिलं.

"मी करून घेतले," मी म्हणाले. "परीक्षेला पोरीला तशीच पाठवू?"

"अहो वहिनी, परीक्षा खेळाची होती!" धाकटीने कपाळावर हात मारला. "ही एकदाही चुकली नाही. आता मला काय कळणार?"

प्रश्न आधी कळलेल्या मुलाला बसवायचं नाही, असा त्यांचा नियम. तिच्या साहेबीणबाईंनी ठरवून टाकलं, यापुढे घरातलं मूल नको. त्यावर धाकटीने काय करावं? "खेळ घरी नेला, चूक माझीच," म्हणून सगळं स्वतःवर घेतलं. म्हणजे त्यातही मोठेपणा तिलाच!

असो. बबडी माझी मला परत मिळाली. पुढच्या शनिवारी दुपारी मी तिला जवळ घेऊन बसले, अगदी तिच्या काकूसारखी. प्रश्न विचारला. माझ्या कपाळावर आठी येतेय का ते बघत, विचार करून, तिने बरोबर उत्तर दिलं. दुसरंही बरोबर. तिसरा मी मुद्दाम अवघड काढला. बबडी गप्प.

"अगं, सांग की काहीतरी. चुकलं तरी मी काही म्हणणार नाही."

ती नखं कुरतडायला लागली.

"बबडे, चुकीचं सांग, पण बोल!"

तिने पुन्हा माझ्या कपाळाकडे पाहिलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुला कुठलं चुकीचं हवंय?"