महेशबालाची हळद

टेंपोवर बांधलेल्या भोंग्यातून स्वतःचं गाणं ऐकू आलं की ठमाकाकी डोक्यावर पदर ओढून घेत आणि रस्त्याच्या कडेला तोंड फिरवून उभ्या राहत. टेंपो लांब गेला की पदर खांद्यावर टाकून चालू लागत. समोरून सवत गेली असती तरी काकींनी याहून वेगळं काही केलं नसतं. त्या गाण्यातल्या बाईला त्या 'मी' कधीच म्हणाल्या नाहीत, कायम 'ती' म्हणत. "आली बग ती. सकालपासून वराडते, घसा कसा बसत नाय तिचा?" असं अगदी गंभीरपणे विचारत. मी हसायचो. त्या हसायच्या नाहीत.

काकी कडावच्या. शेत, दोन म्हशी आणि महेश नावाचा एकुलता एक मुलगा. पण आजूबाजूच्या गावांत त्यांची ओळख धवलारीण म्हणून होती. आमच्याकडे हळदीला आणि लग्नाला जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. ती गायला बसली नाही तर नवरदेवाला हळद लागली असं जुनी माणसं धरतच नाहीत. धवल्याच्या प्रत्येक कडव्यात नवरदेवाचं नाव घ्यायचं असतं, आणि त्या नावाबद्दल काकी फार कडक होत्या. त्यांच्या आईनं त्यांना घालून दिलेला नियमच होता तसा. "नाव एकदा घेतला की तो नवरा झाला. त्याचा परत घेवाचा नाय. बिजवराला धवला नाय तो त्याच्यासाठीच," असं त्या सांगत. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्याच्या हळदीत काकी जेवायला जात, गायला नाही. मग तो सख्खा भाचा का असेना.

माझा दहिवलीत स्टुडिओ आहे. मी स्टुडिओ म्हणतो, काकी 'गाद्यांची खोली' म्हणत, कारण बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून मी भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. खालापूरकडच्या पप्पू नावाच्या एका डीजेवाल्याच्या डोक्यात आलं की हळदीचं अस्सल गाणं काढायचं आणि त्यावर ठोका चढवायचा. तो काकींना गाडीत घालून माझ्याकडे घेऊन आला. काकींनी गाद्यांना हात लावून पाहिला, हेडफोन पदरावरूनच कानाला लावला आणि पहिल्या दोन ओळी अशा म्हटल्या की माझ्या अंगावर काटा आला. तिसऱ्या ओळीत नाव यायचं. तिथे त्या थांबल्या.

"नवरा कोन?" त्यांनी विचारलं.

"नवरा नाही काकी. रेकॉर्डिंग आहे," मी म्हटलं.

"मंग नाव कोनाचा घेऊ?"

"घ्या ना कोनाचं पन!" पप्पू काचेपलीकडून ओरडला.

"कोनचा पन कसा घेऊ? लोकाच्या पोराला उगाच हलद लावू?"

पप्पूनं आपल्या पुतण्याचं नाव सुचवलं, मेव्हण्याचं सुचवलं. काकी ऐकेनात. घाम पुसत आम्ही बसून राहिलो, कारण रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो. शेवटी काकीच उठल्या. महेशची सोयरीक तेव्हा जवळजवळ ठरली होती, दिवाळीनंतर लग्न होतं. "माज्या पोराचाच घेते. त्याचा तर होनारच हाय," असं म्हणून त्यांनी 'महेशबाला', म्हणजे आमच्या बोलीत महेशबाळा, असं नाव गाण्यात घेतलं. काय लाडानं घेतलं म्हणून सांगू! पप्पू काचेमागे उड्या मारायला लागला.

त्यानं त्या नावाचाच तुकडा कापला आणि ठोक्यावर फिरवत ठेवला. महेशबाला, महेशबाला, महेशबाला. लग्नसराईत गाणं असं पेटलं की विचारू नका. गाण्याच्या चॅनेलसाठी एका फार्महाऊसवर व्हिडिओसुद्धा झाला. त्यात पोहण्याच्या तलावापाशी नऊवारीतली एक गोरी मुलगी काकींच्या आवाजावर ओठ हलवते आणि खुद्द काकी मागे पाट्यावर हळद वाटताना अर्ध्याच दिसतात. नवरदेव राहुल असो, अक्षय असो, वरात महेशबालावरच नाचू लागली. आणि दिवाळीआधी महेशची सोयरीक मोडली.

खरं कारण साधं होतं. कुंभिवलीच्या ज्या कंपनीत तो लागला होता तिथली त्याची पाळी बंद झाली आणि मुलीकडचे मागे सरले. महेशला पुढे दुसरी नोकरी मिळाली, पण तोवर नाव घरोघर पोचलं होतं. मुलगी बघायला गेला की आतल्या खोलीत पोरी खिदळायच्या, "तोच का गं महेशबाला?" कंपनीच्या बसमध्ये रोज कुणीतरी विचारायचं, "काय रं, आज कुठं हलद?" एका मुलीच्या बापानं तर सरळ सांगितलं की ज्याच्या नावावर सगळं गाव दारू पिऊन नाचतं त्याला पोरगी देणार नाही. महेशनं लग्नांना जाणं सोडलं. दार लावून घरात बसला तरी शेजारच्या गावातून त्याचं नाव ऐकू यायचंच.

काकींच्या मनाला हे कारण-बिरण पटत नव्हतं. "मांडव नाय, पाट नाय, गाद्यांच्या खोलीत हलद लावली मी त्याला. गावोगाव लागते, अंगाला लागत नाय. माजा पोर लगीन न करताच बिजवर झाला रं," असं त्या म्हणत. त्यांचंही कुठे धड राहिलं होतं? लोक बोलवायचे ते मंचावर उभं राहून रेकॉर्डवर ओठ हलवायला. खरा गळा नको होता कुणाला, ठोका चुकतो म्हणे. "जीब नाय हलवाची, व्हट हलवाचे," एवढंच काकी सांगत.

एकदा त्या तडक माझ्याकडे आल्या. "बाला, त्याचा नाव काढून टाक."

मी त्यांना शेजारी बसवलं आणि त्यांच्यादेखत एकेक नाव कापलं. मग गाणं लावून दाखवलं. नाव यायचं तिथे नुसता ढोल वाजत होता. काकींनी शेवटपर्यंत ऐकलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठल्या. त्या जिन्यात असतानाच खालून वरातीचा टेंपो गेला. महेशबाला, महेशबाला. काकी तिथेच पायरीवर बसल्या. "तुज्या पेटीतला काढलास रं," त्या म्हणाल्या, "दुनियेच्या पेटीतला कोन काढील?" मला फार वाईट वाटलं.

पुढे महेशचं लग्न जमलं. खालापूरकडची मुलगी, मोठी धीट. "आमच्याकडं सगली यांच्या नावावर नाचतात, मी पन नाचलेय," असं तिनं बघण्याच्या वेळीच सांगितलं आणि महेश कित्येक वर्षांनी हसला. कडावला मांडव पडला. संध्याकाळी महेश पाटावर बसला, हळदीची वाटी आली, बायका काकींभोवती जमल्या. या दिवसाची काकींनी किती वाट पाहिली होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. गळा थकला होता तरी पहिल्या दोन ओळी तशाच, काटा आणणाऱ्या.

तिसऱ्या ओळीला त्या थांबल्या. बायका खोळंबल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "काकी, नाव घ्या."

"घेतलाय," काकी म्हणाल्या. "एकदा घेतला. आता कसा घेऊ?"

सगळ्यांनी समजावलं. महेशनं हात जोडले, "आये, माज्यासाठी घे." काकी नुसती मान हलवत राहिल्या. स्वतःच्या पोरासाठी नियम मोडला तर उद्या त्याच्या संसाराला काही झालं म्हणजे? ती भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. शेवटी त्यांनी मला हाक मारली. "बाला, लाव तिला. तिनं घेतलाय त्याचा नाव, तिलाच पुरा करू दे."

ठोक्याचं गाणं लावायला माझं मन होईना. माझ्या फोनमध्ये रेकॉर्डिंगच्या दिवशीचा नुसता आवाज होता, ढोल नसलेला. तोच मी भोंग्याला जोडला. मांडवात काकींचा जुना, भरदार गळा घुमला. पाटाजवळच्या काकी हळदीची बोटं महेशच्या गालावरून फिरवत होत्या. नाव आलं तसं मांडवातल्या सगळ्या बायकांनी ते उचलून धरलं. नवरीकडून आलेल्या पोरींनी धरलं, माझ्याही तोंडून निघालं.

महेशनं वर पाहिलं. "आये, तू पन म्हन ना."

"ती म्हनते ना," काकी म्हणाल्या आणि ओठ घट्ट मिटून त्याच्या दुसऱ्या गालाला हळद लावू लागल्या.