पाण्याखालच्या गावाचा नकाशा
कापडावर चिकटवलेल्या जुन्या नकाशाला डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मला तो दुष्काळाचा उन्हाळा आठवतो. शहरात टँकरसाठी रांगा लागल्या होत्या, आईचे वडील मात्र मनातून खूश होते, कारण धरण आटून त्यांचं बुडालेलं गाव वर आलं होतं. त्यांना आपल्या घराची जागा एकदा पाहायची होती. धरणाआधीच्या त्या इंग्रजी नकाशावर नदीकाठचं गाव मी शोधून दिलं, म्हणून त्यांनी मलाच सोबत नेलं. नदीचं वळण आणि टेकडी जुळवत आम्ही भेगाळलेल्या तळातून चाललो. देवळाचा चौथरा दिसताच आजोबा भराभर पुढे गेले. पण घराच्या जागी कुणीतरी गाळात टरबुजं लावली होती. “बाबा, येलावर पाय नका देऊ!” एक बाई ओरडली. “कुणाला धुंडता?” आजोबा कडेलाच थांबले. “कुणाला नाय, बाई. पाणी किती खाली गेलं, ते बघाया आलतो.” परतताना त्यांनी नकाशाची घडी घालून ती माझ्या हातात दिली. आता आजोबा नाहीत. पुन्हा पाण्याखाली गेलेली ती जागा फक्त मला माहीत आहे, आणि धरण भरल्याची बातमी आली की घरातल्या आनंदात मीही हसते.